ओळखीचं कुणीच नसलेल्या लग्नात एकट्याने जाताना

ऑफिसातल्या सहकाऱ्याची पत्रिका येते. कार्यालय सांगलीत. टीममधल्या बाकीच्यांनी ऐनवेळी टांग दिलेली आणि तुम्ही आधीच 'नक्की येतो' म्हणून बसलेले. चारशे माणसांत तुम्हाला ओळखणारा एकटा नवरदेव, आणि तो दिवसभर स्टेजवर.

अशा वेळी बुजणारी माणसं तयारी करत नाहीत असं नाही. उलट फार करतात, पण फक्त 'काय बोलायचं' याची. दोन दिवस वाक्यं घोळवतात, मुहूर्ताला पाच मिनिटं असताना पोहोचतात, शेवटच्या रांगेत बसून मोबाइल काढतात, जेवतात आणि निघतात. रात्री अंथरुणात 'मी तसं का म्हणालो' याची उजळणी सुरू. मी स्वतः याच जातकुळीतला, त्यामुळे सांगतो: घोळ वाक्यांत नसतो. कधी पोहोचलो, कुठे उभे राहिलो आणि लक्ष कशावर होतं, यात असतो. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पहिले दोन गाळून थेट पाचव्यावर उडी मारली तर हाती काही लागत नाही.

सुरुवातीआधी एक तपासणी

अनोळखी माणसांत बुजणं हा आजार नाही. पण ही भीती सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकून असेल, जवळजवळ प्रत्येक वेळी येत असेल आणि तिच्यापायी मुलाखती, कॉलेज, नाती अडायला लागली असतील, तर हा लेख पुरणार नाही. त्यावर विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती आहे, आणि ती उपयोगी पडते. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास आणि मराठीतही मिळते. फोनवर बोलायचीच धास्ती असेल तर घरातल्या कुणाला पहिला फोन लावायला सांगा. त्यात कमीपणा नाही.

टप्पा १: आधीचे दहा दिवस

पोहायला शिकताना कुणी पहिल्या दिवशी विहिरीच्या मध्यावर उडी घेत नाही. लग्नाला अजून दहा दिवस असतील तर रोज एक छोटी पायरी चढा.

१. पहिले तीन दिवस: जिथे व्यवहार आहेच तिथे गरजेपेक्षा एक वाक्य जास्त. भाजीवालीला, 'मावशी, मेथी आज एवढी कोवळी कुठून आली?' रिक्षावाल्याला, 'दादा, आज सकाळपासून ट्रॅफिक असाच का?'

२. पुढचे तीन दिवस: जिथे व्यवहार नाही तिथे एक वाक्य. लिफ्टमध्ये, बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर.

३. त्यापुढचे तीन दिवस: एक प्रश्न, आणि समोरच्याच्या उत्तरातून निघालेला दुसरा प्रश्न.

४. दहाव्या दिवशी: कार्यालयात फोन करून पार्किंगची सोय आणि स्टँडवरून यायचा रस्ता विचारा. ॲपवर सगळं दिसतं हे ठाऊक आहे. तरीही फोनच करा.

अमेरिकेतल्या शिकागोत लोकलने कामावर जाणाऱ्यांवर केलेला एक प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. गप्प बसून प्रवास बरा वाटेल असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ज्यांना शेजारच्याशी बोलायला लावलं, त्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. (सकाळच्या विरार लोकलमध्ये हा प्रयोग करू नका. तिथे श्वास घ्यायलाच जागा नसते.)

*तपासा:* 'मी बोललो का?' एवढंच मोजा. समोरचा हसला की नाही, हे तुमच्या हातात नाही.

*नेहमीची चूक:* कानात इअरफोन ठेवून किंवा चालता चालता पुटपुटून सराव उरकणं. पळायची वाट उघडी ठेवून बोललात, तर मनाची खात्री पटते की वाचवलं ते त्या वाटेनेच.

टप्पा २: आदला दिवस

पत्रिका नीट वाचा. मुहूर्त, दोन्हीकडची आडनावं, गावं, निमंत्रकांत कोण कोण आहेत, आणि तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं आहे का. ही पाच मिनिटांची माहिती उद्या तीन-चार प्रश्न पुरवते.

मग चार प्रश्नांची उत्तरं तयार करा, कारण ते येणारच: तुम्ही कुणाकडचे, कुठले, काय करता, कसे आलात. इथे बहुतेकजण चुकतात. उत्तर बरोबर देतात, पण ते गुळगुळीत भिंतीसारखं असतं, समोरच्याला अडकवायला काही नसतं. उत्तरात एक खुंटी ठेवा.

'काय करता?' 'आयटीत आहे.' संपलं.
'काय करता?' 'आयटीत आहे. एसटीच्या बुकिंगसारखी ॲपं असतात ना, ती अडली की रात्री मला उठवतात.' आता काका एसटीवर बोलतील, रात्रपाळीवर बोलतील किंवा स्वतःच्या अडकलेल्या तिकिटाची गोष्ट सांगतील.

पाठ करू नका. फक्त खुंटी कुठली ते ठरवा.

पिशवीत: नाव लिहिलेलं आहेराचं पाकीट (नाव राहून जातंच), रुमाल, पाण्याची बाटली. नव्या चपला नकोत. सकाळी पोटभर खाऊन निघा. मुहूर्त १२:३७ चा असला तर पान हाती यायला तीनही वाजू शकतात, आणि रिकाम्या पोटाची थरथर अगदी भीतीसारखीच वाटते. चहा-कॉफी एकावर थांबवा. संध्याकाळचं रिसेप्शन असेल तर 'धीर यायला' पेग मारून जाऊ नका. धीर बाटलीतून आला असं मन शिकतं आणि पुढच्या वेळी तीच मागतं.

शेवटी उद्याचं काम कागदावर लिहा. 'सगळ्यांशी छान मिसळायचं' हे काम नव्हे, ते झालं की नाही कधीच कळत नाही. असं लिहा: तीन माणसांशी बोलायचं, एकाचं नाव लक्षात ठेवायचं, पंगत उठली की निघायचं.

टप्पा ३: लवकर पोहोचा

या लेखातलं एकच ऐकायचं ठरवलंत तर हे ऐका. मुहूर्ताच्या पाऊण तास आधी दारात हजर राहा.

बुजऱ्या माणसाला उशिरा जाणं सुरक्षित वाटतं. गर्दीत मिसळून जाऊ, कुणाचं लक्ष जाणार नाही. होतं उलटं. तोवर सगळीकडे कोंडाळी झालेली असतात, मामे-मावश्या आपापल्या घोळक्यात पाठमोऱ्या, आणि तुम्ही रिकामी खुर्ची शोधत चारशे माणसांसमोरून चालत जाता. पाऊण तास आधी हॉल अर्धा रिकामा असतो, यजमानांना बोलायला सवड असते आणि जे आलेत तेही इकडेतिकडे बघत असतात.

दारात कुणीतरी पेढा किंवा अत्तर-गुलाबपाणी घेऊन उभं असतं. पेढा घेऊन सरळ आत सटकू नका. थांबून सांगा: 'मी नवरदेवाच्या ऑफिसातला, पुण्याहून आलोय.' पुढचं काम आपल्या लग्नघरातली यंत्रणा करते. कुणीतरी 'अहो, हे पुण्याहून आलेत, यांना चहा विचारा' म्हणून तुम्हाला पुढच्या हाती सोपवतं. ही हातोहात सोपवासोपवी म्हणजे फुकटातली ओळख आहे. 'नको नको, राहू द्या' म्हणून ती तोडू नका. चहा घ्या. निदान कप हातात धरा.

*तपासा:* पहिल्या दहा मिनिटांत दोघांना तुम्ही कोण ते कळलं का?

टप्पा ४: जागा

वाईट जागा: शेवटची रांग, खांबामागे, दाराबाहेर मोबाइल धरून. तिथला माणूस 'मला एकटं सोडा' असं न बोलता सांगत असतो, आणि लोक ते ऐकतात.

चांगली जागा म्हणजे जिथे बघायला काहीतरी आहे. रुखवताचं टेबल सगळ्यांत उत्तम. तिथे लोक एकेकटे येतात, हळू सरकतात आणि प्रत्येकाला काहीतरी म्हणायचंच असतं. त्याखालोखाल चहा-नाश्त्याचं टेबल. बसायचंच झालं तर रांगेच्या कडेला, एकट्या बसलेल्या माणसाशेजारी. समोरासमोर तोंड करून बोलणाऱ्या दोघांत शिरू नका. दोघं उभे असून मध्ये तिसऱ्याला जागा राहील असे तिरपे असतील तर चालतं. म्हातारी माणसं सगळ्यांत सोपी. त्यांना वेळ असतो, ऐकणारा हवा असतो, आणि तुमची परीक्षा घेण्यात रस नसतो.

यापेक्षाही भारी उपाय: काम मागून घ्या. 'अक्षता वाटू का मी?' लग्नघरात या प्रश्नाला नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ताट हातात आलं की शंभर अनोळखी माणसांसमोर जायला कारण मिळतं आणि प्रत्येकाशी बोलणं तीन सेकंदांत संपतंही. दुसऱ्या फेरीला त्यातले चारजण ओळखीचे वाटायला लागतात.

टप्पा ५: पहिलं वाक्य

पहिलं वाक्य तुमच्याविषयी नको, समोरच्याविषयीही नको. दोघांना दिसतंय त्याविषयी असू द्या.

'हे भाताच्या लोंब्यांचं तोरण घरीच केलेलं दिसतंय, नाही?'
'पत्रिकेत १२:३७ आहे ना? भटजी अजून निवांत दिसतायत.'
'काका, इथे कुणी बसलंय का?'

आणि काहीच सुचलं नाही तर सगळ्यांच्या हक्काचा प्रश्न आहेच: 'तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे?' शिळा आहे, पण कुणी नाक मुरडत नाही.

हाक जपून मारा. साठीच्या पुढे काका, मावशी, आजोबा, आजी. चाळिशीतल्या बाईंना 'काकू' म्हटलंत की संभाषण तिथेच संपलं म्हणून समजा, 'ताई' म्हणा. पुरुषांना दादा, विदर्भात भाऊ.

*चुका:* 'सॉरी हं, डिस्टर्ब करतोय' अशी माफीने सुरुवात करणं. आधीपासून घडवून ठेवलेलं चटकदार वाक्य फेकणं. आणि तक्रार. दोन अनोळखी माणसं तक्रारीवर पटकन जमतात हे खरं, पण लग्नात समोरचा कोण आहे ते ठाऊक नसतं. मी एका पंगतीत शेजाऱ्याला 'मठ्ठा पाणचट झालाय नाही?' असं विचारलं. ते नवरीचे मामा निघाले. आचारी त्यांनीच ठरवलेला.

टप्पा ६: बोलणं पुढे नेताना

क्रम सोपा आहे: विचारा, ऐका, त्यांच्या उत्तरातला एक शब्द उचला, त्यावर विचारा. दोन प्रश्न झाले की एक वाक्य स्वतःचं टाका. नुसतेच प्रश्न झाले तर पोलीस चौकशी वाटते; नुसतं स्वतःचं झालं तर काका घड्याळ बघायला लागतात.

'आम्ही तासगावहून आलो.'
'तासगाव म्हणजे द्राक्षं. तुमची बाग आहे का?'
'आहे की दोन एकर. पण यंदा पावसानं वाट लावली.'
'म्हणजे फुलोऱ्यात पाऊस पडला का? मला शहरात राहून यातलं ओ की ठो कळत नाही.'

इथून पुढची दहा मिनिटं तुम्हाला काही करायचं नाही. आपलं अज्ञान कबूल करणं बुजऱ्या माणसाला अवघड जातं, पण तेच सगळ्यांत उपयोगी वाक्य आहे.

'बाकी काय विशेष?' हे मात्र तोंडातून येऊ देऊ नका. मराठीत त्याचा अर्थ 'आपलं बोलणं संपलं' असाच होतो. उत्तर ठरलेलं: 'काही नाही, चाललंय.'

आता खरी अडचण. बोलताना तुमचं निम्मं लक्ष आतल्या आत असतं: आवाज कापतोय का, घाम दिसतोय का, हात कुठे ठेवू. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली मांडलेल्या सिद्धांतात सामाजिक भीती टिकून राहण्याचं हेच एक मोठं कारण सांगितलं आहे. माणूस समोर बघायचं सोडून स्वतःकडे बघत राहतो आणि आतल्या थरथरीवरून बाहेर आपण कसे दिसतो याचा अंदाज बांधतो. तो अंदाज बहुतेकदा चुकतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं होतं. खोलीतल्या साधारण निम्म्या जणांना चित्र दिसलं असेल, असं त्यांना वाटलं. दिसलं होतं सुमारे पाव जणांना. तुमच्या शर्टावरच्या आमटीच्या डागाचा हिशेब याच दराने करा.

लक्ष बाहेर वळवायला एक बारीकसं काम द्या: समोरच्याच्या चष्म्याची काडी कुठल्या रंगाची, बोलीत 'की' येतं की 'ना', टोपी कशी घातलीय. 'मी शांत आहे' असं स्वतःला बजावून काही होत नाही. बजावणंही आतलंच बघणं झालं.

मंगलाष्टका सुरू झाल्या की निवांत व्हा. बोलायची सक्तीच नाही. 'सावधान'ला अक्षता टाकायच्या एवढंच. (मधेच माइकवरून कुणा पुढाऱ्याचं स्वागत झालं, तर शेजाऱ्याकडे बघून हसा. हेही संभाषणच.)

टप्पा ७: नको ते प्रश्न

येतील. राग धरायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मला स्वतःला आडनावावरून जात चाचपणाऱ्यांचा येतो. पण लग्नाच्या हॉलमध्ये वाद घालण्यापेक्षा वळण देणं स्वस्त पडतं. कृती: अर्ध्या वाक्याचं उत्तर, आणि लगेच त्यांच्या प्रांतातला मोठा प्रश्न.

'पगार किती पडतो?' 'भाडं भागतं, काका. तुमची शेती बागायती की जिरायती?'

'लग्न झालं का तुमचं?' 'नाही अजून. तुम्ही मुलीच्या मावशी ना? आज सगळी धावपळ तुमचीच.'

'कुठले म्हणालात? नाही, म्हणजे मूळचे?' 'मूळचे बार्शीचे. तुम्ही कधी आलाय का तिकडे, भगवंताच्या देवळात?'

पुन्हा तोच प्रश्न आला तर तेच उत्तर, त्याच आवाजात. तिसऱ्यांदा सहसा विचारत नाहीत.

*सावधान:* कुणी नंबर, पत्ता, एकट्याच आलात का, असं खोदत असेल, विशेषतः मुलींना, तर तिथे सभ्यपणा राखायची गरज नाही. उठा आणि घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंच्या शेजारी जाऊन बसा. कारण द्यायचं नाही.

टप्पा ८: शरीराने दगा दिला तर

छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, डोकं रिकामं होतं. श्वास चार आकड्यांत घ्या आणि सहा-सात आकड्यांत सोडा, दहा वेळा. बाहेर जाणारा श्वास लांब हवा, मोठा नव्हे. ग्लास अर्धाच भरा, म्हणजे हात कापला तरी सांडत नाही. हात धुवायला बाहेर जायला हरकत नाही, पण घड्याळ बघून पाच मिनिटांनी परत या.

भीती शिगेला असताना कार्यालय सोडू नका. त्या क्षणी पळालात तर सुटकेचा आनंद इतका मोठा असतो की पुढच्या लग्नाची भीती दुप्पट होते. थांबलात तर ती आपोआप उतरते. उतरली की मग खुशाल निघा.

बोलता बोलता शब्दच हरवला तर सांगून टाका: 'काय म्हणत होतो तेच विसरलो बघा.' लग्नात सगळेच काही ना काही विसरलेले असतात.

टप्पा ९: उठणं

पुष्कळजण बोलायला घाबरतात ते मुळात थांबवायचं कसं हे माहीत नसतं म्हणून. तीन तुकडे पुरतात: खरं कारण, त्यांनी सांगितलेली एक गोष्ट, आणि 'येतो'. 'चला काका, स्टेजवर भेटून येतो. बागेचं ऐकून बरं वाटलं. येतो हं.' 'जातो' म्हणू नका, लग्नघरात ते कानाला खटकतं. आणि करायचा नसेल तर 'फोन करतो' म्हणू नका.

स्टेजवर वीस सेकंद मिळतात. अभिनंदन, पाकीट, नवरीला 'मी याच्या ऑफिसातला', फोटो, बाजूला. मागे रांग आहे.

पंगतीत बोलणं सगळ्यांत सोपं, कारण वाढपीच दर मिनिटाला विषय घेऊन येतो. शेजाऱ्याला मीठ किंवा पाणी सरकवा, जिलबीच्या आग्रहातून त्याला सोडवा. तुमचं आधी झालं तरी पंगत उठेपर्यंत बसा. मागे खुर्ची धरून पुढच्या पंगतीचे लोक उभे असतील. त्यांच्याकडे बघू नका, घास अडकतो.

टप्पा १०: रात्री

परतीच्या एसटीत उजळणी सुरू होईल. बंद करू नका, बंद होत नाही. तिला दहा मिनिटं आणि एक कागद द्या. तीन रकाने: काय भीती होती, प्रत्यक्षात काय झालं, पुढची पायरी कुठली. 'मी कसा वाटलो असेन' हा रकाना काढायचाच नाही, कारण तिथे आपण स्वतःला कमी गुण देतो. अनोळखी माणसांना गप्पा मारायला बसवून केलेले काही प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाले. समोरच्याला आपण जितके आवडलो असू असं लोकांना वाटत होतं, त्यापेक्षा ते प्रत्यक्षात जास्त आवडले होते.

पुढची पायरी आठ दिवसांच्या आत हवी, आणि लग्नापेक्षा लहान. दोन महिन्यांनी थेट दुसऱ्या लग्नात गेलात तर पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या वहीतली त्या दिवशीची नोंद अशी आहे. भीती: मठ्ठ्याचं बोललो, मामा रागावले असणार. झालं काय: मामांनी चव घेतली, 'खरंच की' म्हणाले आणि आचाऱ्याला हाक मारून मीठ-कोथिंबीर घातलेला दुसरा ग्लास मागवला, माझ्यासाठीही. पुढची पायरी: रविवारी सोसायटीची सभा, वीस मिनिटं आधी.